मांजराचं नाव

४ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता परत पाठवतेस, म्हणून या वेळी पत्ता आमच्या खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडून लिहून घेतलाय. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि त्यांच्याशी तुझं काही वाकडं नाही. तू फसलीस. आता फोडलंच आहेस तर पुढचं वाच.

आईचे डोळे गेले. काचबिंदूने जे काही शिल्लक ठेवलं होतं तेही गेल्या महिन्यात गेलं. मूत्रपिंडंही रडतखडत चालताहेत. डॉक्टर "बघू या" म्हणतात, आणि डॉक्टर "बघू या" म्हणायला लागले की त्यांनी सगळं आधीच बघितलेलं असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू रक्ताच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली आहेस. तिचे शेवटचे रिपोर्ट सोबत जोडलेत. आकडे मला कळत नाहीत, तुला कळतील.

तिला मी एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय. "ठेवलंय" म्हणताना जीभ अडखळते, पण माझे दौरे आणि मालिकेचं शूटिंग सांभाळून तिला घरी एकटीला सोडणं जमेना. दोनदा ती गॅसजवळ सापडली. खोली नंबर नऊ. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, खिडकीखाली टायर पंक्चरचं दुकान. पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या झोपेतही कुणाला तरी बाकावर उभं करतात.

इथल्या नर्सला सगळे सिस्टर म्हणतात. परवा आई तिला म्हणाली, "दिवसातून चार वेळा सिस्टर येते, पण जिला मी बोलावतेय ती काही येत नाही." सिस्टर हसली. मीही हसले. मग आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती तुला बोलावतेय, ताई. रडून वगैरे नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. दाराशी पाऊल वाजलं की म्हणते, "मोठी का?" मी म्हणते, "नाही, पोपट." ती म्हणते, "ये." पण ते "ये" कसं असतं, ते मी ऐकते.

मी माफी मागायला लिहीत नाहीये. ती पहिल्या वर्षी सहा पत्रांतून मागून झाली आणि सहाही पत्रं परत आली. माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये, मी त्या दिवशी गावातसुद्धा थांबणार नाही. खाली नर्सिंग होमचा फोन नंबर दिलाय. तो माझा नाही, तेव्हा निर्धास्त लाव.

पोपट


१९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस किंवा पोस्टमनने. पोस्टमनदादा, वाचत असाल तर नमस्कार.

आज खूप बोलावंसं वाटतंय आणि या शहरात माझं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढून येतात, फुकट ऐकणारं कुणी नाही. मालिका अजून चालू आहे. मी नायिकेची मावशी आहे. दोनशे बारा भाग झाले आणि दर भागात मी एकदा तरी पडते. पायऱ्यांवरून पडले, खुर्चीवरून पडले, एकदा भाजीच्या हातगाडीवर पडले. दिग्दर्शक म्हणतो, "मावशी, तुमचं पडणं फार नैसर्गिक आहे." गुडघ्याचा डॉक्टरही तेच म्हणतो.

कार्यक्रम मात्र आता होत नाहीत तसे. म्हणजे होतात, लोकही येतात, पण माझ्यासाठी येत नाहीत. मी स्टेजवर जाऊन माइक स्टँडमधून काढते न काढते तोच मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "असू दे!" मग सगळं सभागृह. मी नवीन काही तयार केलेलं असतं. त्यांना ते नको असतं, तो शब्द हवा असतो. मागच्या महिन्यात मी ठरवून तो भाग गाळला, तर एक बाई बाहेर येऊन म्हणाली, "आम्ही एवढ्या लांबून आलो आणि ताई नाहीच?"

तुला आठवतं का, मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते तेव्हा पेशंटांच्या नकला करायचे? तूच म्हणालीस, "अगं, हे लोकांसमोर कर." तूच मला त्या हॉटेलच्या माडीवर घेऊन गेलीस. दर मंगळवारी नवख्यांना पाच पाच मिनिटं द्यायचे. प्रेक्षक अकरा, त्यातले सात स्वतःची पाळी यायची वाट बघणारे. मी माइक धरून उभी होते, आणि बाकी काहीच सुचेना म्हणून तुझी नक्कल केली. तू समोर बसली होतीस. "माझ्या ताईला काहीही सांगा. ताई, दूध उतू गेलं. असू दे. ताई, तुझी साडी जळली. असू दे. ताई, घर जळलं. असू दे, तसंही लहानच पडत होतं." अकरा माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस. त्या हसण्यावर मी आजवर उभी आहे.

तो शब्द मला पहिल्यांदा कधी ऐकू आला, सांगू? मी पाच वर्षांची, तू नऊ. उकळत्या पाण्याचं पातेलं मी आईसारखं पदर खोचून उचलायला गेले. मला पदर नव्हता, नुसता टॉवेल होता. पाणी तुझ्या डाव्या हातावर गेलं. आई धावत आली तेव्हा तू म्हणालीस, माझ्याच हातून सांडलं. मी कोपऱ्यात रडत होते. तू फुंकर घालता घालता मला म्हणालीस, "असू दे." मनगटापासून अंगठ्यापर्यंतची ती चुरगळलेली कातडी. ही गोष्ट मी स्टेजवर कधी सांगितली नाही. काही गोष्टी मीही सांगितल्या नाहीत, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेव.

आईला कालपासून जरा बरं आहे. दोन घास जास्त जेवली. का, ते विचारू नकोस.

पोपट


८ मार्च

ताई,

तू आली नाहीस. बरोबर केलंस. खरं सांगायचं तर आता एवढी घाई नाही.

आई शांत आहे. हल्ली ती तुझं नावही काढत नाही. दाराशी पाऊल वाजलं तर "मोठी का?" विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, मन स्थिर होतं. मुख्याध्यापिकाबाईंशी तिची गट्टी जमली आहे. पडद्याच्या अलीकडून पलीकडे त्या कोडी घालतात.

तेव्हा तू रजा वगैरे टाकून धावपळ करू नकोस. भाऊजींनाही कशाला त्रास. उन्हाळा आहे, प्रवास लांबचा आहे. मी आहे इथे. एक दिवसाआड दुपारी जाते, दोन तास बसते, तिचे केस विंचरते. आम्ही बोलतो. ती खूप बोलते हल्ली, आधी कधी बोलली नाही इतकं.

मागच्या पत्रात जरा भावनेच्या भरात लिहिलं. असो. रिपोर्टचे आकडे बघून तुला काय वाटलं तेवढं कळवलंस तर बरं. नाही कळवलंस तरी चालेल.

पोपट


२१ मार्च

ताई,

तू फोन केला होतास.

मला आज दुपारी कळलं. मी शूटिंगवरून परस्पर तिकडे गेले, अजून मावशीच्या पातळात होते. सिस्टर पाण्याची बाटली भरत होती. मला बघून तोंडाला हात लावून हसली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही कमाल आहात! आता फोनवरूनसुद्धा?"

मी म्हटलं, "फोनवरून काय?"

"अहो, मंगळवारी सकाळी. ताईंचा आवाज. मीच रिसीव्हर धरला होता आजींच्या कानाला. आजींनी लगेच ओळखलं."

मंगळवारी सकाळी सात ते बारा मी पुन्हा हातगाडीवर पडत होते. पाच वेळा पडले, कॅमेऱ्यात नीट येत नव्हतं. माझ्याजवळ फोनच नव्हता.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. तू फोनवर जे ऐकलंस ते काय होतं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते पाप माझं आहे.

अठरा फेब्रुवारीला आई काही केल्या जेवेना. तोंड घट्ट मिटून पडली होती. सिस्टर थकली, मी थकले. मला एवढंच सुचलं. मी बाहेर गेले, दाराशी तुझ्यासारखं पाऊल वाजवलं, डावा पाय किंचित ओढत. आणि तुझ्या आवाजात म्हटलं, "आई, मी आलेय."

ताई, तिचा चेहरा. मी कितीतरी सभागृहं हसवली आहेत, पण माझ्या आवाजाने कुणाचा चेहरा असा झालेला मी पाहिला नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. मी हात दिला नाही, वाटी दिली. ती जेवली. शहाण्या मुलीसारखी सगळं जेवली. मग म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं होतं. पोपट गेली का?" मी तुझ्या आवाजात म्हटलं, "गेली."

आणि ती बोलली. मी ऐकू नये म्हणून थांबवलेलं सगळं ती माझ्यासमोर बोलली.

त्या कार्यक्रमाचं. तुझ्या दवाखान्यानंतर चार महिन्यांनी माझं पहिलं भरलेलं सभागृह. तिसऱ्या रांगेत तू आणि आई. पास मीच दिले होते, इतकी मी माजले होते. तुला काय माहीत आहे ते मी पुन्हा लिहिते, कारण सात वर्षांत मी हे एकदाही नीट लिहिलेलं नाही. आठव्या महिन्यात तुझं बाळ गेलं. तो तरुण डॉक्टर सांगायला तुझ्या खाटेशी आला, त्याला वाक्य पुरं करता येईना. तू खाटेवरून त्याला म्हणालीस, "असू दे. तुम्ही आधी पाणी घ्या." मी तिथे होते. मी बाथरूममध्ये गेले, पर्समधून वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. तू आत पडली होतीस आणि मी वहीत लिहीत होते. वर तारीखही टाकली.

स्टेजवर मी डॉक्टरचा गुरांचा डॉक्टर केला. आणि तुझ्या बाळाचं मी मांजर केलं. पांढरं मांजर. त्याला एक मजेशीर नाव दिलं, त्या नावावर एक हशा, आणि "तुम्ही आधी पाणी घ्या" वर टाळ्या. मला वाटलं, मांजर केलं म्हणजे कुणाला कळणार नाही. दोन माणसांना कळलं. तुला पहिल्याच वाक्याला. आईला शेवटच्या. तोवर ती हसत होती.

तू मान वळवून तिच्याकडे बघितलंस. ते तिला अजून दिसतं म्हणाली, डोळे गेले तरी.

"हसले ते हसले," आई म्हणाली, "गाडीत तू रडत होतीस तेव्हा मी वर तुलाच काय सांगितलं? अगं, विनोदच आहे, तिचं कामच आहे ते, असू दे आता. तुझाच शब्द तुझ्या तोंडावर मारला. धाकटीची पहिली मोठी संध्याकाळ होती ना, ती नासायला नको म्हणून. नेहमी तुलाच गप्प केलं मी. हात भाजला तेव्हाही मला माहीत होतं कोणी सांडलं. तुला सांभाळून घेता यायचं, म्हणून तुलाच सांभाळायला लावलं. मला माफ करशील?"

मी उठून जायला हवं होतं. निदान माझ्या आवाजात बोलायला हवं होतं. ती तोंड वर करून वाट बघत होती.

मी म्हटलं, "असू दे."

तुझ्या आवाजात. तुझ्या नावाने. तुझं माफ करणं मी परस्पर देऊन टाकलं, ताई. ते माझं नव्हतंच.

त्यानंतर एक दिवसाआड तू यायचीस. आधी मी म्हणून यायचे, केस विंचरायचे, मग बाहेर जाऊन तू होऊन यायचे. मी तुझ्या प्रयोगशाळेच्या गप्पा रचल्या. तुला एक तापट साहेब दिला. भाऊजींना संधिवात दिला, माफ करा म्हणावं. आई खळखळून हसायची. मी मनात म्हणायचे, बघ, कुणाचं काय बिघडतंय?

आज सिस्टरने मला सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "आई, मी बोलतेय." आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोपटा, आज फोनवरून का? समोर बसून कर की." तू म्हणालीस, "आई, खरंच मी आहे." आई म्हणाली, "हो गं, छान जमलंय, आज तर अगदी हुबेहूब." मग तू फोन ठेवलास.

मी तशीच खोलीत गेले. "आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"की मीच ताई होऊन येते."

तिने चादरीची कड सरळ केली. मग म्हणाली, "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं काढली मी. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे. पहिल्या दिवशी फसले, कारण फसायचं होतं. संध्याकाळी पडल्या पडल्या कळलं."

"कशावरून?"

"ती 'असू दे' म्हणायच्या आधी आवंढा गिळते. लहानपणापासून. तू गिळला नाहीस."

ताई, त्या शब्दावर मी सात वर्षं जगले. त्या शब्दाने मला घर दिलं, मावशीची भूमिका दिली, रस्त्यावर लोक मला त्या शब्दाने हाक मारतात. तुझी चाल मी उचलली, तुझा श्वास उचलला, बोलताना बांगडी मागे सारायची तुझी सवय उचलली. आणि तो आवंढा मला कधी दिसलाच नाही. कारण शब्द पटकन म्हटला तरच हशा येतो. मध्ये क्षणभर थांबलं तर लोक हसत नाहीत.

मी आईला विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "खोटं तर खोटं."

मग मी तिला सांगितलं की मंगळवारी फोनवर मी नव्हते.

लोक म्हणतात ना, पोपट झाला. हसून म्हणतात. आईला ते कळलं तेव्हा तिचं काय झालं ते मी लिहू शकत नाही. जिने उभ्या जन्मात एक आवाज चुकीच्या माणसाला जोडला नाही, तिने स्वतःच्या मुलीला ओळखलं नाही, आणि ते माझ्यामुळे. ती अंथरूण चाचपत म्हणत राहिली, "लाव, परत लाव, तिला सांग." तुझा नंबर लागत नाही, ताई. तू माझा बंद करून ठेवला आहेस आणि सिस्टरच्या फोनवरून लावला तर कुणी उचलत नाही.

म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. ये. लवकर ये. काही बोलू नकोस, आवाजावर आता तिचा भरवसा राहिलेला नाही. तुझा डावा हात तिच्या हातात दे. आवाज काढता येतो, ती कातडी मला काढता येत नाही.

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रानंतर तू तिसऱ्या दिवशी आलीस आणि तीन दिवस राहिलीस. परवा आई गेली. दुपारी, झोपेत. मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यापलीकडून हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा कळलं. फोनवर तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास, आणि मी तुला दोष देत नाही. आज सकाळी अस्थी सोडल्या, सगळं उरकलं. मला तुला एवढंच सांगायचंय की तू आलीस त्या पहिल्या दिवशी मी सगळा वेळ दाराबाहेर होते. गावात थांबणार नाही असं लिहिलं होतं, पण थांबले. हेही खोटंच निघालं.

दाराला वर काच आहे, तुला माहीत आहे. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, मधूनच उठून बघत होते. तू काही न बोलता स्टुलावर बसलीस आणि हात दिलास. आईने मनगटापासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवलं. परत फिरवलं. मग तुझा हात गालाला लावून इतका वेळ धरला की तुझी पाठ अवघडलेली मला बाहेरून दिसत होती.

तिने तेच विचारलं. त्याच शब्दांत. मला पाठ आहेत, मी आधी ऐकले होते.

तुझ्या गळ्याशी हललं. मी पाहिलं, ताई, सात वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. तू आवंढा गिळलास. आणि मी मूर्ख, माझ्या ओठांवर पुढचा शब्द आपोआप आला.

तू तो म्हणाली नाहीस.

तू म्हणालीस, "मला फार वाईट वाटलं होतं, आई."

आई म्हणाली, "हो. बोल."

मग तू बोललीस. मला सगळं ऐकू आलं नाही, खाली टायर ठोकत होते. तुझा आवाज मी तासनतास काढलाय, पण तो असा चढतो, असा फाटतो, हे मला ठाऊक नव्हतं. आई मध्ये एकदाही बोलली नाही. कानावर एक्स्चेंजमधला जुना हेडफोन चढवल्यासारखी मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली. तिने माफी परत मागितली नाही आणि तू दिली नाहीस. तू निघालीस तेव्हा तुम्ही दोघी इतक्या दमलेल्या होतात की सिस्टरने दोघींना पाणी दिलं.

तू बाहेर आलीस आणि मी उभी होते. मी म्हटलं, "ताई, माझं चुकलं." तू माझ्याकडे बघितलंस. परत तसाच आवंढा गिळलास. मी वाट बघितली. तू पर्स खांद्यावर नीट केलीस आणि जिना उतरून गेलीस. पुढचे दोन दिवस तू आलीस तेव्हा मी खरंच आले नाही.

सात वर्षांपूर्वी मेकअपच्या खोलीत येऊन तू एकच वाक्य बोलली होतीस. "मांजराला तू नाव तरी ठेवलंस." तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी फुलांचे गुच्छ मोजत होते. नंतर आलं. बाळाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, दवाखान्याच्या कागदावर तुझंच नाव आणि पुढे "चे बाळ" एवढंच होतं. आम्ही कुणी तुला कधी विचारलंच नाही की तू काय ठरवलं होतंस. तुझं काही ठरलेलं असेल असंही आम्हाला वाटलं नाही.

त्या दिवशी आईने विचारलं. शेवटी, अगदी हळू. आणि नेमके तेव्हा खालचे ठोके थांबले होते.

मी ते नाव ऐकलं, ताई. तुला माहीत असावं म्हणून सांगते. तुझ्या आणि आईनंतर ते माहीत असलेली मी तिसरी. चोरून ऐकलं, पण ऐकलं. फार सुंदर नाव आहे. त्या मांजराचा भाग मी बंद केलाय. काल आयोजकाचा फोन आला तेव्हा सांगितलं, "असू दे" हवं असेल तर दुसरी बाई बघा. तो हसला, त्याला वाटलं विनोद आहे.

वही माझ्या पर्समध्ये होती. पेनही होतं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चेनकडे गेला. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्या बाकावर बसून राहिले, तू दार उघडून बाहेर येईपर्यंत.

मी ते नाव लिहिलेलं नाही. इथेही लिहीत नाही.

धाकटी